ट्रॅक्टरच्या बॅटरीचे आयुष्य

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला, की पेरणीसाठी मोजकेच दिवस हाती असतात. अशा वेळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर होणारे नुकसान बॅटरीच्या किमतीहून कितीतरी अधिक असते. बॅटरी एकाएकी बिघडली, असे तेव्हा वाटते. वस्तुतः पुष्कळदा तिचा ऱ्हास मागील उन्हाळ्यातच झालेला असतो. पावसाळ्यात तो केवळ उघडकीस येतो.

रचना

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असून प्रत्येकापासून सुमारे २ व्होल्ट दाब मिळतो. कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज खर्च होताना आम्लातील सल्फेट पट्ट्यांवर बसते व आम्ल पातळ होते. बॅटरी चार्ज होताना ते सल्फेट आम्लात परत जाते. ही देवाणघेवाण जितकी सुरळीत, तितके बॅटरीचे आयुष्य अधिक.

उष्णता व पाणी

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढले की पट्ट्यांच्या झिजेचा वेग दुप्पट होतो. म्हणून ट्रॅक्टर सावलीत उभा करावा. उष्णतेने पाणीही उडून जाते व पट्ट्या उघड्या पडतात; उघडा पडलेला भाग लवकरच निकामी होतो. पाणी पट्ट्यांच्या वर सुमारे १० ते १५ मिलिमीटर असावे. भर ऊर्ध्वपातित पाण्याचीच (डिस्टिल्ड वॉटर) घालावी. विहिरीच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांस बाधतात. उडून जाते ते पाणी, आम्ल नव्हे. म्हणून आम्लाची भर घालू नये. सीलबंद बॅटरीत पाणी घालावे लागत नाही, तथापि उष्णतेचा परिणाम तिच्यावरही होतो.

अपुरे चार्जिंग

हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर कित्येक आठवडे उभा राहतो. न वापरलेली बॅटरीही हळूहळू उतरते, व उन्हाळ्यात अधिक जलद उतरते. ती तशीच उतरलेली राहिल्यास पट्ट्यांवरील सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात व मग ते आम्लात परत जात नाहीत. इंजिन बंद ठेवून दिवे वा गाणी चालू ठेवणे, जवळच्या फेऱ्यांसाठी वारंवार स्टार्टर मारणे व आल्टरनेटरचा पट्टा सैल असणे यांमुळेही बॅटरी अर्धवट चार्ज राहते.

काही तास स्वस्थ ठेवलेली, पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. दाब १२.४ व्होल्टहून कमी आढळल्यास ती चार्ज करून घ्यावी. उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी महिन्यातून एकदा तपासावी.

इतर कारणे

इंजिन चालू असता दाब सुमारे १४ व्होल्ट असावा. तो १५ व्होल्टपर्यंत जात असल्यास किंवा सर्वच कप्प्यांत वारंवार पाणी घालावे लागत असल्यास रेग्युलेटर तपासून घ्यावा. बॅटरी घट्ट बसविलेली नसल्यास हादऱ्यांनी पट्ट्यांवरील लेप गळतो. टोकांवर जमणारी पांढरट बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. मात्र ते पाणी कप्प्यांत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून त्यांस व्हॅसलीन लावावे.

दक्षता

चार्ज होताना बॅटरीतून स्फोटक वायू निघतो. जवळ विडी वा काडी पेटवू नये. बॅटरी काढताना अर्थची तार प्रथम सोडावी व बसविताना शेवटी जोडावी. आम्ल अंगावर उडाल्यास तो भाग भरपूर पाण्याने धुवावा. डोळ्यांत गेल्यास धुऊन तत्काळ वैद्यकीय उपचार घ्यावेत.

निकामी बॅटरी फोडून शिसे काढणे विषारी ठरते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची व्यवस्था आहे. म्हणून ती विक्रेत्यामार्फत परत करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्याच्या आरंभी व मृगापूर्वी पंधरा दिवस, अशी दोनदा ही तपासणी शेतकऱ्यांकडून करवून घ्यावी. थोड्या वेळच्या या कामाने पेरणीचा मोलाचा दिवस वाचेल.