संमोहन उपचार घेताय? आधी नोंदणी क्रमांक विचारा

झोप लागत नाही, परीक्षेची भीती वाटते, दारू सुटत नाही अशा तक्रारींवर संमोहनाचा उपाय सांगणाऱ्या जाहिराती आता आपल्या वस्त्यांतही दिसतात. संमोहन म्हणजे जादू नव्हे. मन शिथिल व एकाग्र करून सूचना देण्याचे ते तंत्र आहे. जाणकाराच्या हाती वेदना आणि चिंता कमी करण्यास त्याची मदत होते.

पण जाणकार ओळखायचा कसा? संमोहनतज्ज्ञांची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषद भारतात नाही. दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्रही भिंतीवर तितकेच शोभून दिसते. म्हणून मूळ पात्रता तपासा. मनोविकारतज्ज्ञ असेल तर वैद्यक परिषदेचा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. विचारण्यात संकोच कसला? तो आपला हक्क आहे. डॉक्टरांनी दिलेली औषधे परस्पर बंद करायला सांगणाऱ्यापासून दूर राहा.

आणि कोणी ‘मागच्या जन्मात’ नेऊन आजच्या दुःखाचे कारण दाखवू लागला, तर तिथून उठा. पूर्वजन्मीच्या पापाची हीच गोष्ट सांगून आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले गेले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वकर्माचा तो सिद्धान्त नाकारला. फी मोजून तो पुन्हा घरात का आणावा?

मन खचले असेल तर शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, तेही मराठीत. मनाचा आजार लपवू नका. उपचार घ्या, पण पारखून घ्या.