राग ओसरेपर्यंत



“ती मुले चिडली, अंगावर धावून आली, तर तुम्ही काय करता?” असे मंडळीतील अनेक जण उपासनेनंतर विचारतात. काहींना आपल्या घरात मूल ठेवून घ्यावेसे वाटते, पण याच भीतीने ते थांबतात. म्हणून या अंकात आमच्या घरातले लिहिते.

बालकल्याण समितीच्या आदेशाने आमच्याकडे एक कातकरी मुलगा राहतो. वय चौदा. आई वारली आहे, वडील वीटभट्टीवर जातात. मागच्या वर्षी दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो शाळेतून आला. “क्लासला का गेला नाहीस?” एवढेच मी विचारले. त्याने हंड्याला लाथ मारली, ताट भिंतीवर फेकले. मी दारात आडवी उभी राहिले आणि आवाज चढवला. त्याने मला ढकलले. बांगडी फुटून हात कापला. तेव्हा मी म्हणाले, “असाच वागलास तर परत पाठवीन.” माझे वाक्य संपण्याआधीच तो दप्तरात कपडे भरू लागला होता.

माझे यजमान काही न बोलता त्याच्याजवळ पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने कळले, की दुपारी पळस्पे फाट्यावर त्याने भट्टीकडे निघालेला टेम्पो पाहिला होता. भांडी, कोंबड्या, पोरे, आणि त्यात त्याच्याच वाडीची माणसे.

आपल्या रायगडातील बरीच कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला बाहेर पडतात आणि पुढच्या पावसाआधी परततात. अनेकांनी मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते, त्यामुळे जाणे टळत नाही. मुलाच्या मनात मात्र एवढेच राहते, की माणसे निघून जातात. त्याचा राग क्लासवरचा नव्हता. पुन्हा मागे राहण्याची ती भीती होती. आणि मी नेमके तेच बोलले.

त्यानंतर समाजसेविकाताईंनी आम्हाला जे शिकवले, ते सोपे आहे, पण सवयीने येते.

भडका उडाला की मुलाचे शरीर धोक्याला तोंड देत असते. छाती धडधडते, हातपाय ताठतात, समजूत घातलेली कानापर्यंत पोहोचत नाही. म्हणून त्या वेळी उपदेश नाही, प्रश्न नाहीत. आधी लहान मुलांना दुसऱ्या खोलीत न्यावे. दार अडवू नये, हात धरू नये. दोन हात लांब, शक्यतो खाली बसावे. आवाज हळू ठेवून थोडेच बोलावे: “मी इथेच आहे. तुला कुठेही पाठवत नाही.” आपलाच राग चढत असेल तर घरातील दुसऱ्याला पुढे करावे. त्यात कमीपणा नाही.

राग ओसरल्यावर आधी पाणी, मग जेवण. बोलणे दुसऱ्या दिवशी, तेही समोरासमोर बसवून नाही, तर भाजी निवडताना किंवा वाटेने चालताना. काय झाले ते त्याला सांगू द्यावे. चूक मात्र सोडून देऊ नये. आमच्या मुलाने पोचा आलेला हंडा स्वतः ठोकून नीट केला. मीही माझ्या शब्दांबद्दल त्याची क्षमा मागितली.

१ राजे १९ मध्ये एलीया जीव मुठीत धरून पळतो आणि मरण मागत झुडपाखाली झोपतो. देव त्याला आधी भाकर, पाणी आणि झोप देतो. ‘तू इथे काय करतोस’ हे विचारणे पुष्कळ नंतर येते. आम्ही हाच क्रम धरला आहे.

शांत राहणे म्हणजे सर्व सोसणे नव्हे. मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करू लागले, तर ते लपवू नये. समाजसेविका आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावे. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ वर टेलिमानसचे समुपदेशक बोलतात. आणि शिस्तीच्या नावाखाली मूल मारणे, उपाशी ठेवणे हे आम्हाला वर्ज्य आहे. सांभाळणाऱ्यानेच मुलाशी क्रूरपणे वागणे हा बालन्याय अधिनियम २०१५ नुसार गुन्हा आहे.

तो अजून चिडतो. गेल्या महिन्यात त्याने दार इतके जोरात आपटले की कडी निघाली. पण मग स्वतःच आला आणि म्हणाला, “मावशी, स्क्रू-ड्रायव्हर कुठे आहे?” दप्तर भरले नाही.

आता पुन्हा टेम्पो निघण्याचे दिवस आले आहेत. सर्व प्रतिपालक घरांसाठी आणि भट्टीवर जाणाऱ्या आईवडिलांसाठी प्रार्थना करा. जवळ राहणाऱ्यांनी एखाद्या संध्याकाळी आमच्या घरांत येऊन बसावे. दमलेल्या माणसाला तासभर विसावा मिळाला तरी आवाज चढत नाही. आणि मंडळीत एखादे मूल उद्धट बोलले, तर “एवढे करूनही?” असे कृपया म्हणू नका. ते त्याने आधीच पुष्कळदा ऐकलेले असते.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक प्रतिपालक भगिनी, पनवेल