विश्लेषण : क्लबने सदस्याला दिलेला पेग ही ‘विक्री’ ठरते का? ना-नफा जिमखान्यालाही मद्य परवाना का लागतो?

जिमखाना किंवा क्लबला कोणी एक मालक नसतो. सदस्य वर्गणी भरतात, त्यांनीच निवडून दिलेली समिती मद्याचा साठा विकत आणते आणि शिल्लक पडलेला पैसा टेनिस कोर्टाच्या डागडुजीला नाहीतर तरणतलावाच्या फिल्टरला जातो. नफा वाटून घेतला जात नाही. मग अशा क्लबच्या बारमध्ये सदस्याने पैसे देऊन घेतलेला ग्लास ही विक्री कशी? स्वतःच्याच फ्रिजमधून बाटली काढण्यासारखे नाही का ते?

युक्तिवाद बिनतोड वाटतो आणि काही न्यायालयांनी तो मान्यही केला आहे. तरीही महाराष्ट्रातील क्लबला त्याच्या जोरावर परवान्याशिवाय एक बाटलीही ठेवता येत नाही.

हा वाद सुरू कुठून झाला?

लंडनमधून. १८८२ मध्ये ‘ग्राफ विरुद्ध इव्हान्स’ खटल्यात एका क्लबच्या व्यवस्थापकावर परवान्याविना किरकोळ मद्यविक्री केल्याचा आरोप होता. त्याने क्लबच्याच सदस्याला ठरलेल्या दराने मद्य दिले होते आणि सदस्याने ते घरी नेले होते. न्यायालयाने व्यवस्थापकाच्या बाजूने कौल दिला. क्लबमधील मद्य सर्व सदस्यांच्या सामाईक मालकीचे आहे, ते घेणारा सदस्यही त्यात भागीदार आहे, त्यामुळे ही विक्री नव्हे, असे त्यामागचे सूत्र. सदस्याने दिलेले पैसे म्हणजे किंमत नव्हे, तर बाकीच्या सदस्यांच्या वाट्याची भरपाई.

कायद्याच्या भाषेत याला ‘पारस्परिकता’ म्हणतात. स्वतःच स्वतःला माल विकता येत नाही आणि स्वतःकडूनच नफा कमावता येत नाही, हा त्याचा साधा अर्थ.

भारतीय न्यायालयांनी काय म्हटले?

येथे हा वाद परवान्यापेक्षा करावरून अधिक गाजला. १९७० मध्ये मद्रासच्या ‘यंग मेन्स इंडियन असोसिएशन’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने क्लबने सदस्यांना पुरवलेले खाद्यपदार्थ व पेये ही विक्री नसल्याने त्यावर विक्रीकर लागत नाही, असे सांगितले. त्यानंतर सरकारने थेट राज्यघटनेतच बदल केला. १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६६ मध्ये कलम २९-अ आले. त्यातील उपखंड ‘ई’नुसार नोंदणीकृत कंपनीच्या स्वरूपात नसलेल्या संघटनेने आपल्या सदस्याला मोबदला घेऊन पुरवलेला माल करपात्र ठरवला गेला.

प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण २००२ मध्ये पश्चिम बंगालच्या विक्रीकर खात्याने कायम सदस्यांना दिलेल्या खाद्यपदार्थ व पेयांवरील कराबाबत कलकत्ता क्लबला नोटीस धाडली आणि प्रकरण पुन्हा दिल्लीपर्यंत गेले. ३ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. घटनादुरुस्तीनंतरही पारस्परिकतेचे तत्त्व जिवंत आहे आणि कंपनी म्हणून नोंदणी झालेल्या क्लबना तो उपखंड लागूच होत नाही, असे पीठाने म्हटले. विक्रीकर नाही, सेवाकरही नाही.

केंद्राने त्यावर उतारा काढला. २०२१ च्या वित्त कायद्याने जीएसटी कायद्यात तरतूद घालून क्लब आणि त्याचे सदस्य या दोन वेगळ्या ‘व्यक्ती’ असल्याचे जाहीर केले, तेही १ जुलै २०१७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. या लढाईचा ग्लासातल्या मद्याशी मात्र थेट संबंध नाही, कारण मानवी सेवनाचे मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूम आणि क्लबमध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरील व्हॅट ५ वरून १० टक्के केला. न्यायालयातले तत्त्व आणि बिलावरची ओळ यांचा मेळ घालण्याचे काम क्लबच्या सीएकडे येते, ते असे.

विक्री नाही, तर महाराष्ट्रात परवाना कशाला?

बहुतेकांची गल्लत होते ती इथे. १८८२ च्या त्या खटल्यात गुन्हा होता विनापरवाना विक्रीचा. विक्री नाही म्हटल्यावर गुन्हाच उरला नाही. महाराष्ट्रातला कायदा वेगळ्या पायावर उभा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, म्हणजे आजचा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, नावाप्रमाणेच बंदीचा कायदा आहे. त्याच्या कलम १२ आणि १३ मध्ये केवळ विक्री नव्हे, तर मद्य खरेदी करणे, बाळगणे, वाहून नेणे आणि पिणे यांनाही मनाई आहे. परवाना किंवा परमिट असेल, तरच या मनाईतून सूट.

त्यामुळे ‘आम्ही विकत नाही, आपसात वाटून घेतो’ या बचावाला इथे अर्थ उरत नाही. साठा क्लबच्या खोलीत ठेवला की ‘बाळगणे’ आले आणि ग्लास ओठाला लागला की ‘सेवन’ आले. मद्याचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज प्रकरणात स्पष्ट केले आहे. सैन्याच्या मेस आणि कँटीनना या कायद्यात वेगळी सवलत आहे आणि १९५१ च्या बलसारा खटल्यात ती वैधही ठरली. नागरी क्लबला मात्र आपोआप असे काहीच मिळत नाही.

क्लबचा परवाना कोणता?

वाइन शॉपला एफएल-२, परमिट रूमला एफएल-३ आणि क्लबला एफएल-४. राज्य उत्पादन शुल्क विभाग हे परवाने देतो. परमिट रूममध्ये रस्त्यावरून आलेला कोणीही ग्राहक असतो. एफएल-४ चा गाभा ‘सदस्य’ हा आहे. सदस्यत्वाची यादी खरी आहे का, साठ्याची नोंदवही आणि प्रत्यक्ष बाटल्या जुळतात का, हे प्रश्न म्हणूनच क्लबच्या तपासणीत महत्त्वाचे ठरतात. अटी मोडल्यास परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम ५४ मध्ये आहे.

आणि क्लबचा परवाना सदस्याला झाकत नाही. मद्य पिणाऱ्याकडे स्वतःचे परमिट हवे: विदेशी मद्यासाठी एका दिवसाचे ५ रुपये, वर्षाचे १०० रुपये, आजीवन १,००० रुपये. क्लबचे कार्ड म्हणजे परमिट नव्हे. घरच्या फ्रिजमधल्या बाटलीलाही हा नियम लागू आहे, त्यामुळे सुरुवातीची उपमा महाराष्ट्रात तशीही टिकत नाही. वयाची अटही तीच, बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे. क्रीडा क्लबमध्ये हे विशेष अडचणीचे होते. सामना जिंकून आलेल्या संघात विशी-बाविशीतले खेळाडूच जास्त असतात आणि त्यांना ‘आपल्या क्लबमध्ये काय हरकत’ असे वाटते. हरकत आहे.

गंमत म्हणजे १९४९ चा हाच कायदा १९६० च्या विभाजनानंतर गुजरातलाही वारशाने मिळाला. तिथे बंदी कायम राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये गिफ्ट सिटीतील हॉटेल, रेस्टॉरंट आणि क्लबना तिथले कर्मचारी व अधिकृत पाहुणे यांच्यापुरती सूट मिळाली, तीही बसून पिण्याची; बाटली विकण्याची नाही.

लॉन भाड्याने दिले तर?

क्लबसाठी सर्वांत धोक्याची जागा हीच. देखभालीचा खर्च भागवायला हॉल आणि लॉन लग्नाला, कंपनीच्या पार्टीला दिले जाते. तिथे आलेले चारशे पाहुणे सदस्य नसतात. अशा कार्यक्रमासाठी एक दिवसाचा तात्पुरता क्लब परवाना वेगळा काढावा लागतो; बारच्या एफएल-४ वर ती पार्टी खपत नाही.

बाहेरच्यांचा पैसा आत आला की पारस्परिकताही सैल होते. बँकेत ठेवलेल्या ठेवींवरील व्याजाला हे तत्त्व लागू नाही, ती बँक क्लबची सदस्य असली तरी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंगळूर क्लबच्या प्रकरणात सांगितले आणि २०२३ मध्ये सिकंदराबाद क्लबच्या प्रकरणात तेच कायम ठेवले. ‘ना-नफा’ हे क्लबचे वर्णन आहे. कर आणि परवाना मात्र व्यवहारागणिक ठरतो.

मतदानाच्या काळात क्लब सुरू ठेवता येतो का?

खेळायला, जेवायला येतो. बार बंद. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५-सी मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास मद्य ‘विकणे, देणे किंवा वाटणे’ निषिद्ध करते, सार्वजनिक किंवा खासगी कोणत्याही जागी. ‘देणे’ हा एक शब्द पारस्परिकतेचा सगळा युक्तिवाद मोडीत काढतो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्ये तर खासगी मालक नसलेल्या क्लबचा नावानिशी उल्लेख आहे.

इंग्लंडमध्ये आज काय स्थिती?

ना-नफा क्लबना खरोखरची सवलत हवी असेल, तर ती कशी असते हे तिथे दिसते. इंग्लंड व वेल्सच्या २००३ च्या परवाना कायद्यात क्लबसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र आहे. पबला लागतो तसा वैयक्तिक परवानाधारक पर्यवेक्षक नेमावा लागत नाही. बदल्यात अटी काटेकोर. किमान २५ सदस्य हवेत. अर्ज आणि सदस्यत्व यांत किमान दोन दिवसांचे अंतर हवे, म्हणजे दारात फॉर्म भरून लगेच बारकडे जाता येत नाही. मद्याची खरेदी सदस्यांनी निवडलेल्या समितीने करायची आणि त्या खरेदीवर कोणालाही क्लबच्या खर्चाने कमिशन मिळता कामा नये. बाहेरच्यांसाठी कार्यक्रम करायचा तर २१ पौंड भरून तात्पुरती सूचना द्यायची, उपस्थिती ५०० च्या आत ठेवायची.

महाराष्ट्रातील परवान्याचे वर्ष ३१ मार्चला संपते. अनेक क्लबच्या सर्वसाधारण सभा आणि निवडणुका त्यानंतर होतात. अशा ठिकाणी परवान्याचे नूतनीकरण एक समिती करते आणि त्याच्या अटी पाळण्याची जबाबदारी दुसऱ्या समितीवर येते.