गटात राहून गट समजून घेताना

वर्ध्यात १९९७ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात मानवविज्ञानाचा विभाग आहे. या शास्त्राची जुनी रीत म्हणजे गावात मुक्काम करून माणसे पाहणे; समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूर भागातल्या रामपुऱ्यात तेच केले. आता असा मुक्काम पडद्यावरही होतो. मानवशास्त्रज्ञ टॉम बेलस्टॉर्फ यांनी ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात दोन वर्षांहून अधिक काळ वावरून २००८ मध्ये पुस्तक लिहिले.

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट-देवळीकडच्या कापूस उत्पादकांचा व्हॉट्सॲप गट हेही असेच गाव. अभ्यासकाने तिथे पाहावे: कापसाचा भाव पहिल्यांदा कोण टाकतो? गुलाबी बोंडअळीच्या फोटोवर कोणाचा सल्ला मानला जातो, कृषी सहायकाचा की कृषी केंद्रवाल्याचा? वेचणीला जाणाऱ्या बाया गटात आहेत का? नुसते वाचणारे, कधीच न लिहिणारे सदस्यही मोलाचे असतात. त्यांना बांधावर जाऊनच भेटावे लागते.

अभ्यासक शेतकऱ्याच्याच घरातला असेल तर स्वतःचा अनुभव जरूर लिहावा, मात्र निरीक्षणापासून वेगळा. आणि ॲडमिनचा होकार म्हणजे सर्वांची संमती नव्हे: नाव गाळले तरी बोलण्याच्या लकबीवरून गावकरी माणूस ओळखतात, म्हणून संदेश जसाच्या तसा छापण्याआधी लिहिणाऱ्यालाच विचारावे.