गीतरामायणाचीं छप्पन गीतें : एक कालगणना

गीतरामायणाची प्रत पुष्कळ वाचकांच्या संग्रहीं असेल. परंतु ती कृति आरंभीं ग्रंथरूप नव्हती, ध्वनिरूप होती, हें संशोधकानें विसरूं नये. कवि ग. दि. माडगूळकर, कोल्हापुरांत २५ जुलै १९१९ रोजीं जन्मलेले सुधीर फडके आणि पुणें आकाशवाणी यांच्या वर्षभराच्या सहकार्याचें तें फळ होय. मूळ योजना त्या केंद्रावरील सीताकांत लाड यांची. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस पहिलें गीत प्रसारित झालें. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीस मालिका संपली.

येथें शंका येते ती अशी. आठवड्यास एक नवें गीत, आणि वर्षाचे आठवडे बावन्न. मग गीतें ५६ कशीं? उत्तर पंचांगांत आहे. मध्यें अधिक मास आल्यामुळें दोन रामनवम्यांतील अंतर ३८४ दिवसांचें झालें. नवें गीत शुक्रवारीं सकाळीं लागे, व १ एप्रिल १९५५ हा शुक्रवारच होता. तेथपासून १३ एप्रिल १९५६ पर्यंत शुक्रवार मोजले तर ५५ भरतात. समाप्तीची रामनवमी गुरुवारीं पडली. ती धरून ५६.

दुसरा प्रश्न पाठाचा. पहिल्या गीताचा कागद ऐन ध्वनिमुद्रणाच्या वेळीं सांपडेना, तेव्हां माडगूळकरांनीं केंद्रांतच बसून तें पुन्हां लिहून दिलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी असल्यास आज सर्वांस परिचित असलेला पाठ हा दुसरा होय. पहिला गेला तो गेलाच.

पुस्तक १९५७ सालीं भारत सरकारच्या प्रकाशन विभागानें काढलें. म्हणजे आधीं गान, मग ग्रंथ. वाल्मीकींनींहि आपलें काव्य प्रथम कुशलवांच्या कंठीं दिलें, असें बालकांड सांगतें. तेव्हां हा क्रम रामकथेस नवा नाहीं. मात्र केवळ शब्दांवरून चाल कळत नाहीं, वाद्यमेळ तर नाहींच. या गीतांस प्रभाकर जोग यांच्या व्हायोलिनची साथ असे. ती कोणत्या छापील ओळींत शोधावी?

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. कवीचें हस्ताक्षर आपण जपतोंच. गायकवादकांच्या वह्या, स्वरलेखनाचे कागद व कार्यक्रमपत्रिका रद्दींत जाऊं देऊं नयेत. पोथीच्या समासांतील टीप जशी आपणांस मोलाची, तशीच वादकानें शब्दांवर पेन्सिलीनें केलेली खूणहि.