नागपूरची शिकार-पेढी आणि अस्वलाचा हाका

परक्या पाहुण्यास अरण्यात नेऊन त्याच्याकरवी अस्वलाची शिकार करविणे हा पृथ्वीच्या उत्तर टोकाकडील मुलखात आजही एक रीतसर व्यवसाय आहे. अलास्कात अमेरिकेच्या अन्य राज्यांतून आलेल्या शिकाऱ्यास, सोबतीला परवानाधारक वाटाड्या किंवा तेथे राहणारा जवळचा आप्त असल्यावाचून, तपकिरी अस्वलावर बंदूक रोखता येत नाही; आणि कॅनडाच्या उत्तरेस श्वेत अस्वलाच्या मागावर निघालेल्या हौशी पाहुण्यास इनुइट वाटाड्याने हाकलेल्या कुत्र्यांच्या गाडीतूनच बर्फावर जावे लागते. कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मात्र २०१७ साली ग्रिझली अस्वलाची हौशी शिकार बंद केली. हे सारे आपणांस सातासमुद्रापलीकडचे वाटते. परंतु असाच व्यवसाय करणारी एक पेढी विसाव्या शतकाच्या मध्यास आपल्या नागपुरात होती, आणि तिच्या पाहुण्यांना मध्य भारताच्या जंगलात वाघासाठी व त्याच्या जोडीने अस्वलासाठी नेले जात असे, याची आठवण आता फारशी कोणी काढीत नाही.

त्या पेढीचे नाव ऑल्विन कूपर. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९५१ साली पदवी घेतलेल्या विद्याचरण शुक्ल यांनी ती काढली. मध्य प्रांताचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांचे ते चिरंजीव. विद्याचरण पुढे १९५७ साली लोकसभेवर निवडून गेले आणि आणीबाणीच्या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री म्हणून साऱ्या देशास परिचित झाले. मोठ्या श्वापदांच्या शिकारीची, तसेच केवळ छायाचित्रे घेऊ इच्छिणाऱ्यांच्या जंगल-प्रवासाची संपूर्ण तजवीज करणे हे त्या पेढीचे काम. नागपूर हे स्थान त्यास सर्वथा अनुकूल होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघणारी टपालाची विमाने १९४९ पासून मध्यरात्री नागपूरच्याच विमानतळावर एकत्र येत, आणि त्या शहरापासून काही तासांच्या अंतरावर साग, बांबू व मोह यांची विस्तीर्ण राने पसरलेली होती.

या धंद्याचा खरा पाया सरकारी दप्तरात होता. इंग्रजी अमदानीत वनखात्याने जंगलाचे शिकारीसाठी ‘ब्लॉक’ पाडले होते. ब्लॉक ठरावीक मुदतीसाठी राखून घ्यावयाचा, त्याची फी सरकारजमा करावयाची, आणि कोणते जनावर किती मारता येईल हे परवान्यात लिहिलेले असावयाचे, असा तो शिरस्ता स्वातंत्र्यानंतरही बराच काळ चालू राहिला. परक्या पाहुण्यास ही कचेरीची वाट ठाऊक असणे शक्य नव्हते. परवाना, तंबू, आचारी, मोटार, गाऱ्याचे म्हणजे आमिषाचे हेले, कातडे कमावून परदेशी रवाना करण्याची व्यवस्था, हे सारे आपल्या अंगावर घेऊन, पाहुण्याने केवळ मचाणावर चढावे एवढेच त्याच्याकडे शिल्लक ठेवणारी जी संस्था, तीच शिकार-कंपनी.

पाहुण्याचा जीव अर्थातच वाघात गुंतलेला असे आणि अस्वल हे त्याच्या लेखी दुय्यम. जंगलात वावरणाऱ्या माणसाचा हिशेब मात्र वेगळा आहे. वाघ बहुधा माणसाला टाळून निघून जातो. अस्वलाची दृष्टी व श्रवण दोन्ही मंद, म्हणून ते वाऱ्याच्या उलट्या बाजूने येणारा माणूस अगदी जवळ येईपर्यंत ओळखत नाही, आणि एकदा दचकले की पळण्याऐवजी चेहऱ्यावर झेप घेते. त्याची पुढची नखे बोटाएवढी लांब. ती वारूळ फोडण्यासाठी झाली आहेत. वाळवी खाताना पाहिले असता या प्राण्याच्या रचनेचे नवल वाटल्याखेरीज राहत नाही. नखांनी वारूळ उकरावे, फुंकरीने माती उडवावी, मग नाकपुड्या मिटून ओठ लांबवावे आणि वरच्या जबड्यात मधले दोन दात नसल्यामुळे राहिलेल्या फटीतून वाळवी खसाखसा ओढून घ्यावी. त्या वेळी लोहाराच्या भात्यासारखा जो आवाज होतो, तो शांत रानात पुष्कळ दूरवर ऐकू येतो. पिले आईच्या पाठीवर, तिच्या लांब केसांना धरून बसलेली असतात.

अशा प्राण्याच्या शिकारीचे दोन मार्ग होते. पहिला, पहाटे खडकाळ टेकडीवर दबा धरून, रात्रभर चरून कपारीकडे परतणाऱ्या अस्वलाची वाट पाहणे. दुसरा हाका. नाल्याच्या अरुंद तोंडाशी मचाण बांधले जाई, दोन्ही अंगांस झाडांवर ‘रोक’ म्हणून माणसे बसविली जात, जी जनावर बाजूला वळू लागले की खोडावर हलकेच टकटक करून त्यास पुन्हा मधल्या वाटेस लावीत. आणि पलीकडून गावकऱ्यांची रांग ढोल, डबे, कुऱ्हाडीचे दांडे वाजवीत पुढे सरकत असे. वाघ आवाजापुढे निघतो. अस्वल मात्र मध्येच मागे फिरून हाकाऱ्यांच्या रांगेवरच चालून येण्याचा संभव असे, आणि त्या रांगेतील गोंड गावकऱ्याच्या हातात काठी किंवा कुऱ्हाड, तर बंदूक मचाणावर सुरक्षित बसलेल्या साहेबाच्या हातात! या धंद्याचा विचार करताना माझे मन येथे येऊन थबकते. माग काढणारा तो, पाणवठा ठाऊक असणारा तो, ज्याच्या अंगावर अस्वल येईल तोही तोच. आणि त्याचा हिस्सा म्हणजे दिवसाचा रोज व वर थोडी बक्षिसी.

याउलट कॅनडाच्या इनुइट वस्त्यांत श्वेत अस्वलांचा वार्षिक वाटा त्या त्या वस्तीच्या नावे ठरविला जातो, आणि त्यातील काही पाहुण्यास विकावयाचा की सगळा स्वतःसाठी ठेवावयाचा याचा निर्णय ती वस्तीच करते. त्या व्यवस्थेविषयी आक्षेप आहेत. अमेरिकेने २००८ साली या अस्वलांची कातडी देशात आणण्यास मनाई केल्यापासून तो व्यवसाय रोडावलाही. तथापि रानाचा धनी कोण, हा प्रश्न तेथे निदान विचारला गेला. आपल्याकडे ब्लॉक सरकारचा, परवाना साहेबाचा आणि नफा पेढीचा होता.

१९६९ साली दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्गरक्षण संघाच्या अधिवेशनात वाघाच्या भवितव्याविषयी चिंता व्यक्त झाली, सत्तरीच्या आरंभी वाघाच्या शिकारीस मनाई झाली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या व्यवसायाचा आधारच गेला. ते झाले हे उत्तमच झाले, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही; आज अस्वलास कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. पाहुणा मात्र येतच राहिला. मुंबईजवळ महापे येथील औद्योगिक वसाहतीत संगणकासमोर आठवडा घालविणारा तरुण सुटी काढून नागपूरमार्गे ताडोब्याच्या रानात जातो, मोहर्लीच्या दारातून उघड्या जिप्सीत बसतो, आणि शेजारी बसलेला गावातलाच वाटाड्या त्याला अस्वलाने उकरलेले वाळवीचे वारूळ बोटाने दाखवतो. त्या वाटाड्याची नोंद वनखात्याच्या दप्तरात असते, त्याचा मेहनताना ठरलेला असतो. हाकाऱ्याच्या वाट्याला हे कधी आले नव्हते.

मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, चंद्रपूर-गडचिरोलीच्या बायका अंधारातच टोपली घेऊन झाडाखाली जातात आणि त्याच फुलांसाठी अस्वलही तेथे आलेले असते. हा सामना शिकार-पेढीच्या आधीही होता व आजही चालू आहे. त्यास तोंड कसे द्यावे, वारा कोणत्या अंगाने ठेवून चालावे, कपारीजवळून जाताना का बोलत जावे, हे जाणणारे जुने हाकारे आता पंचाहत्तरीच्या पुढे गेले आहेत. साहेबांनी आपल्या शिकारीच्या कथा लिहून ठेवल्या. कोणी तरी वही घेऊन या म्हाताऱ्यांच्या ओट्यावर बसावे, त्यांची नावे, त्यांनी चाललेले नाले आणि त्यांच्या अंगावरच्या जखमांची हकिकत उतरवून घ्यावी. आणि हे काम येत्या उन्हाळ्यातच हाती घ्यावे.