ट्रिप्टोफॅन आणि वगळलेले शोधन

गेल्या पावसाळ्यात निद्रानाशाची एक रुग्णा चिकित्सालयात आली. चालू औषधे विचारली असता तिने मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली एसएसआरआय वर्गातील गोळी तेवढी सांगितली. निघताना मात्र सहज म्हणाली, "प्रोटीनच्या कॅप्सूलही घेते, पण ते काही औषध नव्हे." मुलाने परदेशातून पाठविलेली ती बाटली एल-ट्रिप्टोफॅनची होती.

नऊ अत्यावश्यक अमिनो आम्लांपैकी हे एक. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. दूध, डाळी, तीळ यांतून ते मिळते. त्यापासून सेरोटोनिन व पुढे मेलाटोनिन तयार होते, म्हणून निद्रेसाठी त्याचा प्रचार. परंतु सेरोटोनिन वाढविणाऱ्या गोळीसोबत ते घेतल्यास कंप, अतिस्वेद, अतिसार, ज्वर, चित्तविभ्रम असा घातक लक्षणसमूह उद्भवू शकतो.

औषधनिर्मात्या बंधूंनी मात्र याच द्रव्याची दुसरी कथा ध्यानी घ्यावी. ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात तीन स्त्रियांना तीव्र मांसगत वेदना सुरू झाल्या. रक्तातील इओसिनोफिल पेशी प्रचंड वाढलेल्या होत्या. तिघीही एल-ट्रिप्टोफॅन घेत होत्या. पुढे अशा रुग्णांची संख्या दीड हजारांवर गेली, तीसहून अधिक दगावले आणि नोव्हेंबरमध्ये हे पूरक बाजारातून परत मागविण्यात आले. वास्तविक त्यापूर्वी अनेक वर्षे लोक ते घेतच होते!

शोधाअंती धागा शोवा डेन्को या एकाच जपानी उत्पादकापर्यंत पोहोचला. किण्वनासाठी त्यांनी जनुकीय बदल केलेला नवा जीवाणू वापरला होता आणि त्याच सुमारास शुद्धीकरणातील सक्रिय कोळशाचे प्रमाण घटविले होते. दोन्ही बदल एकत्र घडल्याने दोष नेमका कोणाचा हे निर्विवाद ठरले नाही. सदोष मालात अत्यल्प प्रमाणात काही अशुद्धी सापडल्या. मुख्य द्रव्याच्या शुद्धतेची टक्केवारी मात्र उत्तम होती.

चरकाचार्यांनी विमानस्थानात आहारविधीच्या आठ आयतनांत प्रकृतीनंतर लगेच करण सांगितले आहे, ते उगीच नव्हे. भल्लातक विटेच्या चुऱ्यात घोळून घासण्याचे काम किती कंटाळवाणे, हाताला किती त्रासाचे, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. विटेचा चुरा तेल शोषून घेतो, तिकडे कोळसा अशुद्धी शोषतो. एका निर्मात्याने मला अभिमानाने सांगितले होते की, "चुरा निम्मा केला, वेळ वाचला, कल्पात काही फरक दिसत नाही." दिसत नाही हे खरेच, जपानी कारखान्यातही दिसला नव्हता. मला तरी वाटते, शोधनाच्या विधीत, द्रव्याच्या पुरवठ्यात वा प्रमाणात बदल होताच नवा बॅच क्रमांक, नोंदवहीत कारण आणि राखून ठेवलेला नमुना, एवढे लहानातील लहान फार्मसीलाही जड नाही. १९८९ चा धागा उत्पादकापर्यंत नेता आला तो बाटल्यांवरील लॉट क्रमांकांमुळेच.

रुग्णेच्या बाटलीवरील क्रमांक मी केसपेपरवर उतरवून घेतला, मनोविकारतज्ज्ञांशी दूरध्वनीवर बोललो आणि त्यांच्या संमतीने कॅप्सूल थांबविल्या. गोळी चालूच राहिली. निद्रेसाठी पादाभ्यंग आणि रात्री कोमट माहिष दुग्ध सुरू केले. त्यातही ट्रिप्टोफॅन आहेच, पण आहारमात्रेत.